रोहित बघायला गेलेले नाना

शुद्धलेखन चुकेल, ते चुकू दे. चौथीनंतर मी शाळेत गेले नाही, आणि माझं अक्षर कधी कधी माझं मलाच लागत नाही. पण ही वही कपाटात साड्यांखालीच राहणार आहे. नाना दुकान बंद करून नाशिकला लेकीकडे राहायला गेले, त्यांच्याबद्दल कुठेतरी लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

धुळ्यात नानांचं मॅचिंग सेंटर होतं. साडीवर ब्लाउजपीस, अस्तर, परकर, फॉल, एवढाच धंदा. पायरीजवळच्या कोपऱ्यात माझं मशीन होतं. मी फॉल-पिको करायचे, ब्लाउज शिवायचे. बाई साडी घेऊन आली की नाना तिला दुकानात रंग दाखवायचेच नाहीत. एका हातात साडीचा पदर, दुसऱ्या हातात कापड, आणि तसेच तरातरा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहायचे. सायकलवाले घंटी वाजवायचे, रिक्षावाले ओरडायचे. नाना मान वर न करता म्हणायचे, "थांब रे भाऊ, बाईंचा रंग जमतोय."

गिऱ्हाइकांशी ते शहरी मराठी बोलायचे. आमच्याशी मात्र सोनगीरची, त्यांच्या गावची बोली. "ट्यूबलाइटमा बठ्ठा रंग खोटं बोलतस," असं ते मला रोज एकदा तरी सांगायचे. गुलाबी हा शब्द त्यांना चालायचा नाही. कोणी गुलाबी मागितलं की विचारायचे, "कोणता? राणी, गुलबक्षी, आबोली, कांदा, गाजरी?" बाई गोंधळायची. नाना खूश व्हायचे.

एकदा एक म्हातारी तिच्या सासूची साडी घेऊन आली. धुऊन धुऊन साडीचा रंग असा झाला होता की त्याला नावच उरलं नव्हतं. नानांनी त्यातल्या त्यात जवळचं कापड काढलं आणि आठ दिवस गच्चीवर वाळत घातलं. रोज संध्याकाळी खाली आणून साडीला लावून बघायचे. अक्का, म्हणजे त्यांची बायको, चिडली. "कापड शे का पापड?" नाना म्हणाले, "साडीनी चाळीस वरीस ऊन खादं. कापडले आठ दिवस तरी खाऊ दे." नवव्या दिवशी रंग जमला.

असल्या माणसाकडे देवपुरातल्या वकिलीणबाई आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. घरातल्या एकवीस बायका मोतिया रंगाच्या साड्या नेसणार होत्या आणि सगळ्यांचे ब्लाउज एकाच रंगाचे, फ्लेमिंगो रंगाचे हवे होते. पुण्याला शिकणाऱ्या याच मुलीने मोबाइलवर त्या पक्ष्याचा फोटो पाठवला होता. एकवीस ब्लाउजची शिलाई माझ्याकडेच येणार होती.

नानांनी फोटो बघितला. मग अक्काच्या मोबाइलवर बघितला, मग शेजारच्या दुकानदाराच्या. तिन्हींवर तीन रंग. त्यांनी शब्द दिला होता, आणि जो रंग डोळ्यांनी बघितला नाही त्याचं कापड कापायला हात उचलेना. दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सुरतले माल भराले जानंच शे. तठे समुद्रना काठवर हाई पाखरू येस म्हने. देखीसन येऊ. निर्मला, तूबी चाल. तुनी नजर बारीक शे."

"तुमनं डोकं फिरनं का?" अक्का म्हणाली, आणि दशम्या बांधायला बसली.

शाळेतल्या गुरुजींनी नानांना सांगितलं होतं की मराठीत त्या पक्ष्याला रोहित म्हणतात. तेवढ्याने गल्लीत घोळ झाला. माझी मुलगी लग्नाची होती. समोरच्या शांताबाईंनी विचारलं, "नाना, कोठे चालनात?"

"रोहित देखाले."

शांताबाईंचे डोळे मोठे झाले. "निर्मलानी पोरसाठे? काय करस पोरगा?"

नाना गंभीर. "एक पायवर उभा ऱ्हास."

"अरे देवा! आनि पोटपानीनं काय?"

"दिवसभर चिखलमा तोंड घालीसन खास."

मी लाजून घरात पळाले. पुढे महिनाभर शांताबाई माझ्या मुलीकडे कीव करून बघायच्या.

एस.टी.ने आम्ही तिघं सकाळी सुरतेला उतरलो. दुपारी चारच्या आत बाजारात कापड घ्यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचं, कारण लग्न बारा दिवसांवर होतं. रिक्षा करून आम्ही खाडीकडे गेलो. मिठागरांचे बांध, पुढे ओहोटीचा चिखल, आणि खारट वारा. मी समुद्राच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच आले होते. अक्काने पाण्यात बोट बुडवून चाटून बघितलं आणि म्हणाली, "भाजीले मीठ टाकानी गरज नही."

नानांनी तारेत ओवलेले कापडाचे तुकडे पिशवीतून काढले. राणीपासून बदामीपर्यंत सगळे होते. रिक्षावाल्याने लांब बोट दाखवलं. चिखलात हजारभर पक्षी उभे होते, उंच पायांचे, माना खाली घातलेले. आणि सगळे पांढरे.

म्हणजे अगदी पांढरे नाहीत. पांढऱ्या कपड्यांत चुकून एक लाल कपडा धुतला गेला तर येते तशी झाक. नानांनी एक तुकडा डोळ्यांसमोर धरला, मग दुसरा, मग तिसरा. मग मटकन बांधावर बसले. "इतला लांब उनूत, आनि बठ्ठा धवळा!"

अक्काने दशमी पुढे केली, त्यांनी घेतली नाही. मला एवढंच कळत होतं की हा माणूस आता रंग न बघता कापड घेणार आणि आयुष्यभर स्वतःला बोल लावणार.

तेवढ्यात दोन कुत्री भुंकत चिखलात शिरली. आणि सगळा थवा उठला. पंख उघडले तशी आतून लाली बाहेर आली, गडद गाजरी, कुंकवाच्या अलीकडची, आणि तिला काळी किनार. आमच्या डोक्यावरून सगळं आभाळ तसं होऊन गेलं. अक्काने चक्क हात जोडले. नाना उभे राहिले होते, तुकडे हातातून खाली पडलेले. पक्षी पलीकडे उतरले, पंख मिटले. पुन्हा पांढरे.

"आते काय करू?" नाना माझ्याकडे बघून म्हणाले. "लाल लिधा त ते खोटं. धवळा लिधा त तेबी खोटं."

नऊ वर्षांत मी नानांना आपणहून काही सुचवलं नव्हतं. मानेने हो, मानेने नाही. पण ते पंख माझ्यासमोर अजून उघडेच होते, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "अस्तर."

"काय?"

"अस्तर, नाना."

"बोल वं बाई, अर्धं नको गियू."

मी खाली बघून सांगितलं. वरून फिका कांदा. आतून गाजरी अस्तर. बाही लांब आणि सैल, खालून चीर दिलेली. हात खाली असला की काही दिसणार नाही.

नाना खाली वाकून तुकडे गोळा करायला लागले. अक्का म्हणाली, "आनि ती काळी किनार?"

नाना म्हणाले, "ती पाखरूजोडेच राहू दे. त्याले कोठे लगीनले येनं शे!"

चारच्या आधी माल घेतला. बाजारातल्या गल्लीत, उन्हात उभं राहूनच.

वकिलीणबाईंना नमुन्याचा ब्लाउज दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "नाना, हा तर फिका कांदा. मी फ्लेमिंगो सांगितला होता."

"मला विचारू नका," नाना म्हणाले. "हिने जमवलाय, हिलाच विचारा."

नमुना मीच अंगात घातला होता. मी फक्त हात वर केला. चीर उघडली, अस्तर दिसलं. वकिलीणबाई म्हणाल्या, "खाली कर. आता परत वर कर." असं त्यांनी माझ्याकडून चार वेळा करवून घेतलं.

लग्नाला आम्हा तिघांना बोलावणं होतं. आम्ही मागच्या रांगेत बसलो. मोतिया साड्यांतल्या एकवीस बायका मांडवापाशी दाटीने उभ्या होत्या, मुठीत अक्षता धरून, शांत, फिक्या. नाना नवरानवरीकडे बघतच नव्हते. भटजींनी शेवटचं "सावधान" म्हटलं आणि एकवीस हात एकदम वर गेले.

मांडवभर गाजरी उसळली.

नानांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि शेजारच्या अनोळखी पाहुण्याला मोठ्याने म्हणाले, "देखा! हाई आमनी निर्मलानं शे!"