आधणकाकू

आमच्या घरमालकीणबाईंच्या गॅसवर एक पातेलं कायम असायचं, आणि त्यातलं पाणी कुणी प्यायलेलं मी कधी पाहिलं नाही. मी उदगीरला शाळेत शिकवत होते आणि त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते. गल्ली त्यांना आधणकाकू म्हणायची, मीही तेच म्हणायचे.

दसरा सरला की हवेत सोयाबीनची धूळ भरायची, नाक कोंदून जायचं. त्या दिवसांत काकू बसस्टँडजवळच्या रसाच्या गाड्यावरून मोसंबीची सालं आणायच्या. गाडेवाल्याला वाटायचं शेळीसाठी नेतात. "दूध किती देती?" तो विचारायचा. "देती बाबा पोटापुरतं," म्हणत काकू पिशवी उचलायच्या. मग ती सालं, आलं, गवती चहा, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा आणि पातेलंभर पाणी. गॅस अगदी बारीक.

"खळखळ उकळू द्यायचं न्हाई, माय. वास एकदम उठतो अन् घरातून निघून जातो. नुसतं कढत ठेवायचं."

पुढच्या खोलीत त्यांचे नवरे, अण्णा, अर्धांगवायूनं तीन वर्षं खाटेवर होते. औषधं, फिनेल, ओल्या चादरी. त्या वासात माणसं टिकत नसत. भेटायला आलेला उंबऱ्यातूनच "बरं हाय ना?" विचारून चपला घालायचा. अण्णांचं सगळं आयुष्य अडत दुकानात गप्पा मारण्यात गेलेलं. जीभ जड झाली होती, पण बोलायची हौस तशीच होती. माणूस वळून गेला की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे.

गवती चहा आणि आल्याचा वास आला की मात्र पाहुण्याला वाटायचं, आपल्यासाठी चहा ठेवलाय. ठेवलेला चहा टाकून उठणं आमच्याकडे कुणाला जमत नाही. तो बसायचा. काकू आतून "झालाच बघा" म्हणत राहायच्या आणि खरा चहा अर्ध्या तासानं दुसऱ्या शेगडीवर टाकायच्या. तोवर अण्णांचं बाजारातलं एखादं जुनं भांडण सांगून व्हायचं.

एकदा हे लक्षात येऊन मी हसले, तर म्हणाल्या, "हसू नको. दिवसभर त्यांच्याशी मी एकलीच बोलून राहिले. लई थकले गं."

पुढे माझी नांदेडला बदली झाली. अण्णा गेल्याचं उशिरा कळलं. दिवाळीआधीच्या एका शनिवारी शाळा करून, एसटीत उभ्यानं उदगीर गाठलं. डोकं ठणकत होतं. खाट काढून टाकलेली होती, पातेलं मात्र होतं तिथंच, बारीक गॅसवर.

"बस ना माय, चहा ठेवलाय."

"काकू, मला नका सांगू. त्या पातेल्यात काय आहे ते मला माहीत आहे."

आम्ही दोघी हसलो. त्यांचं हसू लवकर संपलं. मला परतीची गाडी गाठायची होती, दहा मिनिटांत मी उठले.

उन्हाळ्यात त्याही गेल्या. आता दसरा झाला की शाळेतून आल्यावर मीही मोसंबीची सालं कढत ठेवते. दमलेल्या जिवाला तो वास बरा वाटतो, आणि सोसवतही नाही. त्या पातेल्याला अख्खी गल्ली फसली आणि बसून राहिली. शहाणी तेवढी मीच निघाले.