बगळ्याकडून हरलेली मुलगी

माझे वडील, तात्या, वस्ताद होते. नगरच्या जुन्या भागात एका बोळाच्या तोंडाशी त्यांची तालीम होती आणि तालमीला लागून आमच्या दोन खोल्या. तरुणपणी त्यांनी जिल्ह्यातली बरीच मैदानं मारली होती. पण बहात्तर सालच्या दिवाळीनंतर त्यांची दाढ ठणकू लागली, तेव्हा हा माणूस गालाला लवंगेचं तेल चोळत आठवडाभर कोपऱ्यात बसून राहिला. दाढ काढायची म्हटलं की विषय बदलायचा. मी तेव्हा नगरपालिकेच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. आई गेल्यापासून तात्या माझंच थोडंफार ऐकत. एका रविवारी मी त्यांना जवळजवळ ओढतच चिनी डॉक्टरकडे नेलं.

हा दातांचा डॉक्टर कॅम्पाच्या रस्त्याला एका लहानशा गाळ्यात बसायचा. पन्नाशीचा, बुटका, जाड काड्यांचा चष्मा लावणारा. जन्म कलकत्त्याचा, चीन त्याने पाहिलाही नव्हता. पण बासष्टच्या लढाईत त्याच्या पाटीवर दगड पडले आणि पुढे कितीतरी दिवस त्याला ठाण्यात हजेरी लावावी लागली. गाव सोडून जायचं तर अजूनही परवानगी घ्यावी लागायची. हे सगळ्यांना माहीत होतं आणि दात दुखला की सगळे त्याच्याकडेच जात.

तात्या खुर्चीत बसले ते दोन्ही हात घट्ट आवळून. डॉक्टरने त्यांच्या पिळदार मनगटाकडे पाहिलं, चुरगळलेल्या कानाकडे पाहिलं आणि विचारलं, "कुस्ती?"

"व्हय," तात्या म्हणाले.

"आमच्या घरात पण होती. कुस्ती नाही. हाताची विद्या. आजोबांकडून."

"कसली विद्या?" तात्यांनी विचारलं आणि त्यासाठी तोंड उघडलं. त्या बोलण्याच्या नादात दाढ कधी निघाली ते त्यांना कळलंच नाही. निदान घरी येताना ते तसं सांगत होते.

कापूस बदलायला आणि जखम बघायला डॉक्टर पुढच्या आठवड्यात स्वतःच तालमीत आला. मग सकाळी येतच राहिला. त्या दिवसांत तालीम निम्मी ओस पडली होती. पाऊस झाला नव्हता, विहिरींनी तळ गाठला होता, खेड्यांतून आलेली पोरं परत जाऊन दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. खुराकाला दूध नाही, मातीत घालायला ताक नाही. तात्या रोज सकाळी हौदातली लाल माती एकटेच उकरत आणि मग उंबऱ्यावर बसून राहत. डॉक्टर आला की त्यांचा चेहरा जरा उजळायचा. मी चहा घेऊन दारापर्यंत जायची. तालमीत बाईने पाऊल टाकायचं नाही, हा नियम. तो मलाही होता. मी दाराबाहेरच्या ओट्यावर बसून त्यांचं बोलणं ऐकायची.

पहिल्याच दिवशी तात्यांनी विचारलं, "डाक्टर, तुमची विद्या काढली कुणी?"

डॉक्टर म्हणाला, "म्हणतात की तुमच्याच देशातून एक साधू गेला. दक्षिणेकडचा. डोंगरात एका मठात राहिला. भिंतीकडे तोंड करून वर्षानुवर्षं बसला. मग बघितलं, मठातले साधू ध्यान करताना पेंगतात, अंगात ताकद नाही. म्हणून त्याने व्यायाम शिकवला. त्याच्यातून सगळं निघालं."

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे मूळ आपलंच!"

"असं म्हणतात," डॉक्टर हसून म्हणाला. "माझे आजोबा तसंच सांगायचे. आमच्या शेजारचा म्हातारा म्हणायचा, खोटं. तो साधू यायच्या आधीपण लोक मारामारी करतच होते. दोघांचं भांडण व्हायचं."

तात्यांना हे शेजारच्या म्हाताऱ्याचं म्हणणं मुळीच आवडलं नाही. त्यांनी मग आपल्या कुस्तीची घराणी सांगितली: हनुमंती, जांबुवंती, भीमसेनी, जरासंधी. एक डावपेचाची, एक जखडून ठेवणारी, एक नुसत्या ताकदीची, एक हाडं मोडणारी. "देवादिकांपासनं आलीय आमची विद्या," ते म्हणाले. डॉक्टरने मान हलवली आणि कोणती घराणी अजून जिवंत आहेत ते बारकाईने विचारलं. मला तेव्हा नवल वाटलं होतं. आम्ही आमची विद्या देवांकडून आली म्हणून छाती फुगवतो आणि या माणसाचे लोक परक्या देशातून चालत आलेल्या साधूकडून आली म्हणून.

अशाच एका सकाळी त्याने बगळ्याची गोष्ट सांगितली. त्याच्या घरातली विद्या तीच.

"एक मुलगी होती. अंगणात धान्य वाळत घातलेलं. एक मोठा पांढरा पक्षी आला, बगळ्यासारखा, आणि दाणे टिपायला लागला. मुलीने बांबूची काठी घेतली. तिच्या बापाने तिला मारामारी शिकवलेली होती, चांगलं यायचं तिला. तिने डोक्यावर मारलं, पक्ष्याने डोकं बाजूला घेतलं. पंखावर मारलं, त्याने पंखानेच काठी उडवली. पायावर मारलं, पाय वर. मग चोचीने काठीलाच टोचलं. मुलगी दमली. पक्षी उडाला नाही, खातच राहिला. दुसऱ्या दिवशी पण आला. मग तिने मारायचं सोडलं आणि बघायला लागली."

"आन मग?"

"मग काय. ती जे शिकली, ते आजोबांच्या गावात आलं."

"बाईनं काढलेली विद्या?" तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आन गडी मानसं ती शिकत्यात?"

"गोष्ट सांगताना कुणी लाजत नाही," डॉक्टर म्हणाला.

डॉक्टरने मग दुसरी गोष्ट सांगितली. एक मल्ल सारखा हरायचा. एकदा असाच मार खाऊन झाडाखाली बसला असताना त्याला पुढचे पाय नमस्कारासारखे जोडून बसणारा तो हिरवा किडा दिसला. स्वतःहून मोठ्या किड्याला तो असा पकडत होता की त्याला सुटताच येईना. या माणसाने गवताच्या काडीने त्याला डिवचून डिवचून त्याचे डाव पाहिले आणि तेच आपल्या हातात आणले.

तालमीत राहिलेली दोन-तीन पोरं जोर मारायची थांबून ऐकत होती. गोष्ट संपली तसे तात्या म्हणाले, "मीबी हरल्तो."

मी ओट्यावरून आत पाहिलं. आमच्या घरात तात्यांच्या जिंकलेल्या कुस्त्यांच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या होत्या. हरलेल्या कुस्तीचा विषय कधी कुणी काढला नव्हता.

"जामखेडच्या मैदानात," ते म्हणाले. "माझ्या निम्म्या वजनाचं पोरगं. तिकडचंच, सुकलेलं, अंगावर मांस न्हाई. मी त्याला दाबायला गेलो आन ते खालनं कुठनं निसटलं मला कळ्ळंच न्हाई. पाठ लागली माझी. लोकं हसली. मी महिनाभर घराभाईर पडलो न्हाई. मग एक दिस उठून त्याच्या गावाला गेलो आन म्हनलं, दाव. त्यानंबी दावलं. माझा जो डाव लोकं वाखानत्यात, त्यो त्याचा हाय."

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. डॉक्टरने तात्यांच्या कपात आपल्या कपातला चहा ओतला.

पुढच्या चैत्रात नेवाशाकडच्या एका गावातून माणसं आली. जत्रेतला कुस्त्यांचा हगामा बंद पडू द्यायचा नाही असं गावाने ठरवलं होतं, पण लढायला पैलवान नव्हते. तात्यांनी निदान मैदानाचा नारळ फोडायला यावं, अशी त्यांची विनंती होती. तात्या हो म्हणाले, आणि मग एकदम डॉक्टरला म्हणाले, "तुमी बी चला. तुमची विद्या दावा. लोकांना बघायला कायतरी हवं."

डॉक्टरने आधी नकार दिला. परवानगीचं कारण सांगितलं. तात्या त्याच्याबरोबर ठाण्यात गेले. तिथला जमादार तात्यांच्या तालमीत तयार झालेला, काम झालं. पण मला वाटतं, डॉक्टरची अडचण परवानगीची नव्हती.

आम्ही एसटीने गेलो. गावाशेजारी प्रवरेचं पात्र नुसतं वाळूचं. पात्रातच मैदान केलं होतं. पुरुष गोल करून बसलेले, बायका लांब देवळाच्या पायऱ्यांवर. मी बायकांत बसले. दोन-चार लहानसहान कुस्त्या झाल्या आणि तात्या डॉक्टरला हाताला धरून मध्ये घेऊन आले. "हे आमचे दोस्त हायेत," ते मोठ्याने म्हणाले. "त्यांच्या मुलखातला खेळ दावनार हायेत."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "चिनी हाय त्यो!" दुसरा म्हणाला, "काढा भाईर." एक खडा वाळूत येऊन पडला. तात्या त्या बाजूला वळले, पण डॉक्टरने त्यांच्या दंडाला हात लावून त्यांना मागे उभं केलं. चष्मा काढून तात्यांच्या हातात दिला. आणि सुरुवात केली.

मी ते पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तो एका पायावर उभा राहिला आणि दुसरा पाय इतक्या सावकाश उचलला की बघणाऱ्यालाच तोल सांभाळावासा वाटला. हात बाजूंना पसरले, खांद्यापासून बोटांपर्यंत एक थरकाप गेला, पिसं झटकावी तसा. मग मान स्थिर ठेवून तो एकदम पुढे आला, बोटं जुळवून काहीतरी टिपलं आणि पुन्हा मागे, पुन्हा एका पायावर. तोंडातून आवाज नाही. ओरडणारे गप्प झाले होते, पण ते कौतुकाने की नुसते गोंधळून, ते कळत नव्हतं.

माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. डोळ्यांवर हात धरून ती बघत होती. कुणीही तिला काही सांगितलं नव्हतं. ती मोठ्याने म्हणाली, "अगं बया, ह्यो तर बगळा हाय!"

बायका हसल्या. म्हातारी कुणाकडेच न बघता पुढे म्हणाली, "औंदा नदीला पानी न्हाई, एक बगळा आला न्हाई. ह्यो पयलाच."

तिचं बोलणं पायऱ्यांवरून खाली पुरुषांपर्यंत गेलं. "बगळा हाय, बगळा," असं पोरंटोरं म्हणू लागली. डॉक्टर थांबला तेव्हा आधी कुणी टाळी वाजवली नाही. मग फेटेवाला एक शेतकरी पुढे येऊन त्याच्या हातात नारळ देऊन गेला आणि मागून टाळ्या सुरू झाल्या. डॉक्टर चष्म्याशिवाय डोळे किलकिले करून चहूकडे पाहत उभा होता. तात्या चष्मा धोतराच्या सोग्याने पुसत बसले होते, बराच वेळ.

परतताना एसटीत मी डॉक्टरला म्हटलं, "मला शिकवाल?"

त्याने तात्यांकडे पाहिलं. तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाईनंच काढलीय ना? मग बाईला शिकवायला काय हरकत?" थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "हौदात न्हाई हां. मागं अंगनात."

मी वाद घातला नाही. मागच्या अंगणात, शाळेला जायच्या आधी, मी शिकू लागले. एका पायावर उभं राहायला मला सबंध पावसाळा लागला. त्या वर्षी पाऊस झाला, म्हणून म्हणते. तात्या पायरीवर बसून बघत आणि ज्यातलं त्यांना काही कळत नव्हतं त्यातही माझ्या चुका काढत. गंमत म्हणजे त्या बहुतेक खऱ्या निघत.

एकदा मी डॉक्टरला विचारलं, "ती मुलगी खरंच होती का?"

"आजोबा तीन प्रकारे सांगायचे," तो म्हणाला. "एकदा ती धान्य राखत होती, एकदा केस विंचरत होती, एकदा बापाच्या मरणाने रडत होती. पण प्रत्येक वेळी ती हरायची. ते कधी बदललं नाही."

पुढे बऱ्याच वर्षांनी मी या विषयावर मिळेल ते वाचलं. जाणकार म्हणतात, साधूची गोष्ट फार उशिरा जोडलेली आहे, आणि बाकीच्यांनाही धड पुरावा नाही. असेलही. ते वाचून मला फसवल्यासारखं वाटलं नाही. आमच्या हनुमंती-जांबुवंतीला तरी कोण पुरावा देणार? पण आपल्या विद्येच्या मुळाशी एखादा पराभव आनंदाने ठेवणारी माणसं मला तोवर भेटली नव्हती, आणि त्या गोष्टी ऐकल्या नसत्या तर तात्यांची जामखेडची कुस्ती त्यांच्याबरोबरच गेली असती.

दोनेक वर्षांनी डॉक्टरच्या बहिणीने त्याला कलकत्त्याला बोलावून घेतलं. तिची मुलं परदेशी निघाली होती, त्यालाही नेणार होती. आम्ही त्याला सोडायला स्टेशनवर गेलो. मनमाडकडची गाडी लागली. डॉक्टरने एका हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या पंजाला लावून मान झुकवली. तात्यांनी वाकून फलाटाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मग त्याच्यापुढे धरला. कुस्तीआधी धरतात तसा.

गाडी सुटली. तात्या ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "चल, तुजी शाळा भरली आसंल."