कासरा आवळून जागी केलेली कालवड

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. मी बारामतीला राहून बी.एस्सी. झाले, हे मी कुणी न विचारताही सांगते. पण त्या शिक्षणाची खरी परीक्षा कळसला, आमच्या गोठ्यात झाली.

एका सकाळी आमची पहिलारू गाय व्यायला लागली, तिचं हे पहिलंच वेत. तिला अजून नीट कळाही येत नव्हत्या. तरी वासराचे पाय दिसताच तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेजारच्या दोघांना हाक मारली आणि तिघांनी ओढून वासरू बाहेर काढलं. "दोन मिनिटांत मोकळी केली," तात्या मिशीला हात लावत म्हणाले. कालवड होती, अंगानं भरलेली.

दोन तास झाले तरी ती गाईला लुचेना. भिंतीला डोकं लावून नुसती उभी. तोंडात बोट घातलं तर चोखायची नाही. पहिल्या दुधाचा चीक पोटात गेला नाही तर वासरू टिकत नाही, हे कळायला कॉलेज लागत नाही.

"खुळं निपजलं," तात्या म्हणाले.

तेवढ्यात मला वर्गात ऐकलेलं आठवलं. पोटात असताना वासराचा मेंदू झोपल्यासारखा असतो, नाहीतर ते आत लाथा झाडत बसेल. बाहेर येताना वाटेत अंग आवळलं जातं, तीच मेंदूला उठायची खूण. आमच्या कालवडीला ती वाट पुरती मिळालीच नव्हती! अशा वासराच्या छातीभोवती दोर आवळून तोच दाब पुन्हा द्यायचा, असंही ऐकलं होतं.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावून हे करू का विचारलं. ते दुपारनंतर येणार होते. "बरगड्या चाचपून बघ. शाबूत असतील तर कर," म्हणाले.

बरगड्या शाबूत लागल्या. मी मऊ सुती कासरा घेतला आणि तिच्या छातीभोवती तीन वेढे घातले.

"फास लावतीस का काय तिला?"

"तात्या, तुमी घाईनं ओढली. मी सावकाश पुन्हा जन्माला घालते."

"शिकव बापाला. त्यासाठीच धाडली व्हती बारामतीला."

कासरा आवळला तशी कालवड बसली, आडवी झाली, डोळे मिटले.

"मेली गं," आई म्हणाली.

"झोपलीय. पोट हलतंय बघ."

वीस मिनिटं मी ताण धरून ठेवला. वर्गात नुसतं ऐकलं होतं, असा कासरा कधी धरला नव्हता.

मग सोडला. ती तशीच पडून राहिली. नंतर कान झाडले, धडपडत उठली आणि सरळ गाईकडं निघाली. आधी पुढच्या पायाशी चाटत बसली, मग मागं सरकली, कासेला ढुशी मारली, आणि चपचप आवाज सुरू झाला. मी गोठ्यातच उड्या मारल्या. पदवीच्या दिवशीही मारल्या नव्हत्या.

"कासऱ्यानं उठली का आपसूक, कुणाला ठावं," तात्या म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही ठाम सांगता येणार नाही. पण त्यांचे डोळे तिच्यावरून हटत नव्हते. "दुसऱ्या सडाला लाव. चारीचा पिऊ दे."

मी तिचं तोंड वळवायला गेले. तिनं डोक्यानं माझा हात बाजूला सारला आणि दुसरा सड स्वतःच धरला.