‘कुक्क’ म्हणायला लागलेला उशीर

सिरोंच्याच्या मासळीबाजारात शकुबाई तीस वर्षांपासून बसते. गिऱ्हाईक गोदावरीपलीकडचं असलं की तेलुगू, कचेरीतलं असलं की मराठी. माहेरी तेलुगूच होती. शाळेतली मराठी डोक्यावरून जायची, म्हणून तिसरीतच शाळा सुटली. खरी मराठी आली ती सून आल्यावर. जया चामोर्शीकडची, तिला तेलुगूचा गंध नव्हता. चुलीपाशी बसून दोघींचं जमत गेलं. तरी आपली मराठी कच्चीच, असं शकुबाई मानायची.

गेल्या हिवाळ्यात नागपूरहून दिव्यानी नावाची संशोधक आली. दोन भाषा बोलणाऱ्याला नेमका शब्द कसा सापडतो, हे तिला पाहायचं होतं. समाजमंदिरात तिनं लॅपटॉप आणि मायक्रोफोन मांडला. आधी नुसत्या तेलुगूची फेरी झाली. पडद्यावर येणाऱ्या चित्रांची नावं शकुबाईनं भराभर सांगितली.

“आता दोन्ही भाषा,” दिव्यानी म्हणाली. “निळी चौकट आली की मराठी, पिवळी आली की तेलुगू.”

“अन् चुकलं तर?”

“चुकू द्या. ही परीक्षा नाही.”

झाड, सूप, कोंबडा झाले. मग निळ्या चौकटीत मासा आला आणि शकुबाई पडद्याकडे वाकून निरखू लागली.

“शब्द आठवत नाही का, बाई?”

“काऊन नाई आठवत? पण हा कोणता मासा? तोंड मरळाचं, शेपूट रोहूची!”

दिव्यानी हसली आणि वहीत टिपून घेतलं. पुढे मात्र शकुबाईचं हसू मावळलं. पिवळ्या चौकटीत कुत्रा आला. ‘कुक्क’ हा लहानपणापासूनचा तेलुगू शब्द, पण तो ओठांवर यायला उशीर झाला. मराठीवरून तेलुगूवर आलं की दरवेळी तसंच. तिनं मायक्रोफोन बाजूला सारला.

“पोरी, मी मायची भाषा विसरून राह्यली का?”

दिव्यानी खुर्ची ओढून जवळ बसली. “नाही, बाई. पहिल्या फेरीत कुठं अडलात? तुमची तेलुगू पक्की आहे, म्हणून तिचे शब्द आधी पुढे येतात. मराठी बोलताना त्यांना थोपवावं लागतं. लगेच तेलुगू बोलायची म्हटलं, की ती पकड सुटायला क्षणभर लागतो. असं पुष्कळांचं होतं. का होतं, याचा पुरता उलगडा आम्हालाही झालेला नाही.”

“म्हणजे हरवली नाई. मीच धरून ठेवली होती.”

“तसंच काहीसं.”

शकुबाईनं मायक्रोफोन पुन्हा ओढला. “चाल, लाव पुढचं.”

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या चौघींना घेऊन आली. यंत्राला बिचकणाऱ्या त्या बायकांना ती दारातच तेलुगूतून समजावत बसली. समजावता समजावता चित्रांची नावंही सांगू लागली, तेव्हा ‘नावं आधी सांगू नका’ म्हणून दिव्यानीला हात जोडावे लागले. त्या माशाच्या जागी आता शकुबाईच्या टोपलीतल्या मरळाचा फोटो होता.

संध्याकाळी तिनं सगळं जयाला सांगितलं. जया भाकरी थापता थापता थांबली.

“आई, माह्यासाठी तुमी एवढी वर्सं तेलुगू दाबून धरली?”

“दाबून धरली असंन,” शकुबाई म्हणाली. “पण भार काई वाटला नाई.”

तिनं दोन ताटं घेतली आणि कालवण वाढायला बसली.