उतरायचं उद्या

भिंगकाकांना सायकल चालवता येत होती, फक्त उतरता येत नव्हतं. हे वाचून ज्यांना हसू आलं असेल त्यांनी खुशाल हसावं, मलाही आलं होतं.

त्याचं असं झालं, की लहानपणी त्यांना सायकल शिकवली थोरल्या भावाने. सायकल वडिलांची, चांगली उंच. भाऊ मागे कॅरिअर धरून पळायचा आणि हे पुढे किंचाळायचे. एका संध्याकाळी टांग मारणं जमलं, तोल जमला, वळण आणि ब्रेकही जमले. तोवर अंधार पडला. भाऊ घाम पुसत म्हणाला, "उतरायचं उद्या शिकवतो." दुसऱ्या दिवशी सकाळीच भावाला परगावी नोकरीवर बोलावणं आलं आणि तो निघून गेला. दुसऱ्या कुणाला विचारावं तर लाज वाटायची. चालवणं येतं आणि उतरणं येत नाही, असं कोणत्या तोंडाने सांगणार? त्यामुळे ते शिकायचं राहिलं ते राहिलंच.

मोठेपणी त्यांनी चष्म्याचं दुकान काढलं. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, तिच्यात एकेक भिंग सरकवायचं आणि विचारायचं, "हे बरं, की हे बरं?" हा प्रश्न त्यांच्या जिभेवर इतका बसला होता, की डॉक्टरने पोट दाबून "इथे दुखतं का?" म्हटलं तर हे विचारत, "आधीचं दाबलं होतं ते परत दाबता?" भिंगकाका हे नाव त्यांना गल्लीने दिलं आणि पुढे ते घरच्यांच्या तोंडीही बसलं.

दुकानाला एक दगडी पायरी होती. सायकल तिला लावायची, पाय पायरीवर ठेवायचा आणि साहेबासारखं खाली यायचं. सायकल अजूनही वडिलांचीच, काका बुटके, पाय काही जमिनीला पोचत नसत. वाटेत कुठे अडलंच तर खांब धरायचा. गावातले सगळे खांब त्यांना नातेवाइकांसारखे पाठ होते.

घरी पायरी नव्हती, पण घरी काकू होत्या. लग्नानंतर पहिल्यांदा दुकानातून परतताना काका घरावरून पुढे गेले, वळसा घालून आले, परत पुढे गेले. नवी नवरी दारात उभी राहून बघत होती. शेवटी काका रडकुंडीला येऊन ओरडले, "अगं, जरा धर!" काकूंनी कॅरिअर धरलं, सगळं ऐकून घेतलं, पोट धरून हसल्या आणि कुणाला सांगणार नाही म्हणून वचन दिलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी कोपऱ्यावर घंटी वाजली, की काकू हातातलं काम टाकून धावत बाहेर यायच्या. शेजारणी एकमेकींना कोपराने ढोसायच्या, "बघ बाई, याला म्हणतात प्रेम!" काका-काकूंनी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. त्यांची एकुलती एक लेक हे सगळं बघतच मोठी झाली आणि शेजारणींचंच खरं मानत राहिली.

लेकीचं लग्न झालं आणि इथून काकांचे ग्रह फिरले. व्याही म्हणजे निवृत्त व्यायामशिक्षक. शाळा सुटली तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. घरातल्या माणसांना ते शिट्टी मारून उठवत आणि शिट्टी मारून जेवायला बसवत. निवृत्त मंडळींचा त्यांचा एक सायकलगट होता आणि दरवर्षी हा गट समुद्राच्या कडेकडेने, बंदरापासून पार दूरच्या दीपगृहापर्यंत जायचा. त्या घरात जेवताना दुसरा विषयच नसे. सासू, सासरा, नवरा, सगळे चढणी आणि गिअर यांवर बोलत आणि नवी सून भाजीकडे बघत बसे.

एकदा काका-काकू तिथे जेवायला गेले असताना तिला राहवलं नाही. ती म्हणाली, "आमचे बाबापण वाऱ्यासारखी सायकल चालवतात. कधी दमत नाहीत."

"अस्सं?" व्याही म्हणाले. "मग चला की यंदा आमच्याबरोबर!"

काकांनी गुडघ्याचं कारण सांगायला तोंड उघडलं आणि त्यांचं लेकीकडे लक्ष गेलं. सासरी आल्यापासून पहिल्यांदा तिची मान अशी ताठ झाली होती. काकांनी उघडलेलं तोंड तसंच ठेवलं आणि त्यातून "येतो की" असं बाहेर पडलं. लेकीने बापाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं, आणि बापाला तर साध्या सायकलवरूनही उतरता येत नव्हतं.

घरी येऊन ते डोकं धरून बसले. "अगं, तिकडे सगळ्यांसमोर फजिती झाली तर पोरीला सासरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आपला बाप थापाड्या आहे, असं वाटेल तिला. तिच्या मनातून उतरेन मी."

"उतरता कसले! तेच तर येत नाही तुम्हाला," काकू म्हणाल्या. पण काकूंचं डोकं असल्या वेळी फार चालायचं. सामानाची गाडी विहीणबाई चालवायच्या. काकूंनी त्यांना फोन केला. "मीपण येते गाडीतून. मला समुद्र बघायचाय." काकूंना समुद्राचं काडीचं कौतुक नव्हतं. प्रत्येक मुक्कामावर आधी पोचून रस्त्यात उभं राहायचं, एवढाच त्यांचा बेत होता.

आणि बेत जमला. वारा, खारी हवा, एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेली जाळी. काका खरंच झकास चालवत होते. थांबा आला की लांबूनच घंटी वाजवत. काकू गाडीतून उडी मारून येत, कॅरिअर धरत आणि काका रुबाबात खाली पाय टाकत. गटातल्या दातांच्या डॉक्टरांनी तर डोळे पुसले. व्याह्यांनी आपल्या बायकोकडे अपेक्षेने पाहिलं. विहीणबाई म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? केळी उतरवून घ्या."

घोडं अडलं ते शेवटच्या दिवशी. तोवर दोघी विहिणींची घट्ट मैत्री झाली होती. विहीणबाई व्याह्यांच्या घोरण्याची नक्कल करत होत्या, काकू हसून हसून काचेवर डोकं आपटत होत्या आणि गाडी किनाऱ्याचा फाटा सोडून भलत्याच रस्त्याला लागली.

इकडे चहाच्या टपरीसमोर व्याह्यांनी लांब शिट्टी मारली. सगळे उतरले. काकांनी घंटी वाजवली, पुन्हा वाजवली. गाडी नाही, काकू नाहीत. आजूबाजूला नुसतं सपाट मैदान, खांब म्हणून नाही. टपरीसुद्धा कापडाची. पडायला काकांची हरकत नव्हती. पण पाहुणे उतरताना पडले ही बातमी थेट लेकीच्या घरी जाणार होती. त्यांनी हँडल वळवलं आणि ते टपरीभोवती गोल फिरू लागले.

"व्याहीबुवा, हे काय?" व्याह्यांनी विचारलं.

"स्नायू गार पडू देत नाही!" काका ओरडले.

"बरोबर आहे," दातांचे डॉक्टर म्हणाले. "एकदम शास्त्रीय आहे." दातांच्या डॉक्टरला स्नायूंमधलं काय कळतं, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. ते टांग मारून काकांच्या मागे फिरू लागले. त्यांचं बघून तिसरा, तिसऱ्याचं बघून चौथा. थोड्याच वेळात अख्खा गट टपरीभोवती प्रदक्षिणा घालत होता आणि चहावाला मधे उभा राहून जाणाऱ्याच्या हातात कप देत होता. चहा माणसं कमी आणि त्यांचे शर्टच जास्त पीत होते. चहावाला ओरडत होता, "अहो, कप घेऊन पळू नका!" डॉक्टरांना घेरी आली आणि ते सायकलसकट बाकावर जाऊन बसले. काकांनाही गरगरायला लागलं, तेव्हा ते गोलातून सुटले आणि सरळ रस्त्याला लागले.

गटाचा म्होरक्या मागे राहिला, असं आजवर झालं नव्हतं. व्याही शिट्टी दातात धरून त्यांच्या मागे सुटले. चढ आला, काका थांबले नाहीत. कोळ्यांची वस्ती आली, काका थांबले नाहीत. आपल्यामागे कुणीतरी शिट्टीतून श्वास घेतंय, एवढं त्यांना ऐकू येत होतं.

"व्याहीबुवा," अखेर मागून आवाज आला, "हात जोडतो. उतरा आता. तीन दिवस झाले, तुमच्यापुढे राहता राहता माझा जीव चाललाय."

काकांचा बांध फुटला. "अहो, येत नाही!"

"काय येत नाही?"

"उतरायला!"

व्याह्यांनी आधी कानातला वारा झटकला, मग शेजारी येऊन काकांच्या तोंडाकडे पाहिलं. मग ते असे हसायला लागले, की त्यांची सायकल रस्त्याच्या या कडेची त्या कडेला जाऊन आली. काकाही हसले, पण लगेच गंभीर झाले. "हसा तुम्ही. पण पोरीला सांगू नका. एवढंच एक कौतुक घेऊन ती तुमच्या घरात बसलीय. तिच्या मनातून उतरलो तर मला ते सोसणार नाही."

व्याही म्हणजे शिट्टीने घर चालवणारा माणूस, पण मनाने वाईट नव्हता. सून जेवताना भाजीकडे का बघत बसते, हे बहुधा त्यांना तिथे, त्या चढावर कळलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "नाही सांगत. आणि थांबा, शिकवतो. शिट्टी मारली की उजवा पाय मागून काढून डावीकडे आणायचा."

एवढ्यात उतार लागला. खाली दीपगृह, दीपगृहापुढे धक्का आणि धक्क्यापुढे समुद्र. उतारवय म्हणतात ते हेच असावं, असं काकांच्या मनात येऊन गेलं. शिट्टी वाजली. काकांनी उजवा पाय मागून काढला खरा, पण पुढे त्याचं काय करायचं ते त्यांना आठवेना. एक पाय पायडलवर आणि एक हवेत, असा बगळा होऊन ते खाली निघाले.

"खाली टेका!" व्याही ओरडले.

"आधी कुठला?"

दीपगृहापाशी लेक आणि जावई पाण्याच्या बाटल्या घेऊन स्वागताला उभे होते. लेक दिसली आणि काकांना काही सुचेनासं झालं. अशा वेळी हात सवयीचंच काम करतो. त्यांनी घंटी वाजवली.

लेकीने हातातल्या बाटल्या टाकल्या आणि ती धावली. बरोब्बर मागून आली, कॅरिअर दोन्ही हातांनी पकडलं, टाच रोवली. सायकल जागेवर थांबली आणि काका अलगद जमिनीवर आले. काकूंनासुद्धा इतकं सफाईने कधी जमलं नव्हतं.

"सूनबाई, हे कुठे शिकलीस?" व्याह्यांनी विचारलं.

जावई कानापर्यंत लाल झाला. "बाबा, ती रोज संध्याकाळी, तुम्ही मैदानावर असता तेव्हा, मलापण असंच धरते. लग्न झाल्यापासून. मला उतरता येतं हो, पण..."

"म्हणजे?" लेक गोंधळून एकेकाकडे बघू लागली. "घरी येणाऱ्याला धरायचं नसतं? आई तर रोज धरते बाबांना."

काका वाकून बुटाची बांधलेली नाडी परत बांधू लागले. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा खोटेपणा पोरीने खरा समजून सासरी नेला होता आणि वर नेमाने पाळला होता. बोलावं तर चोरी, न बोलावं तर चोरी.

"धरायचंच असतं!" व्याही गरजले. "आमच्या घरात कुणाला रीतभात नाही, म्हणून माहीत नव्हतं." तेवढ्यात धुरळा उडवत सामानाची गाडी आली. व्याह्यांनी सायकलवर बसल्या बसल्या मोठ्या आशेने घंटी वाजवली. विहीणबाईंनी काच खाली केली. "पाय शाबूत आहेत ना? उतरा मग!"

परत आल्यावर व्याह्यांनी शब्द पाळला. शाळेच्या मैदानावर, पोरं यायच्या आधी, शिट्टीच्या तालावर त्यांनी काकांना उतरायला शिकवलं. भावाने सांगितलेला उद्या असा म्हातारपणी उजाडला. त्या संध्याकाळी काका घरासमोर स्वतः उतरले, स्टँड लावलं आणि छाती काढून आत गेले. काकू कणीक मळत होत्या.

"आलात? घंटी नाही ऐकू आली."

"उतरलो. माझा मी."

"खरंच? बरं झालं बाई, सुटले मी," काकू म्हणाल्या आणि परत कणकेकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी काका कोपऱ्यावरून वळले, तेव्हा काकू दारात येऊन उभ्या होत्या, पिठाच्या हातांनी. पायांना सवय होती, आपसूक आल्या असाव्यात. मग त्यांना आठवलं असणार. त्यांनी हात एकमेकांवर झाडले, उगाच रस्त्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. काकांनी ते पाहिलं. आयुष्यभर त्यांनी लोकांना दोन भिंगं दाखवून कुठलं बरं ते विचारलं होतं. आज कुणाला विचारायची गरज पडली नाही.

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावर घंटी वाजली, चांगली खणखणीत. काकू धापा टाकत बाहेर आल्या.

"अहो, काय झालं? येतं ना आता उतरायला?"

"विसरलो," काका म्हणाले. "धर लवकर, पडेन."

काकूंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं, मग कॅरिअर धरलं.