ढोरडॉक्टर आणि दादाचा राग

आमच्या करडी गावचे ढोरडॉक्टर भांडण सोडवायला कधी जात नसत, बघायला जात. मोहाडीच्या बाजारात दोघे एकमेकांच्या उरावर बसले, की सायकल स्टँडवर लावून हे घड्याळ बघत उभे. "बारा मिनटं झाली. आता उतरते," म्हणायचे, आणि खरंच राग उतरायचा. सरकारने त्यांना जनावरांसाठी नेमलं होतं, पण जीव अडकला होता माणसांच्या डोक्यात.

त्यांच्या मते राग मनात नसतोच. "मन कोनी पाह्यलं का जी? मेंदू मी चिरून पाह्यला," हे ठरलेलं वाक्य. मेंदूत खोलवर रागाची चूल, आणि कपाळामागे त्या चुलीवर नजर ठेवणारी सासू, अशी त्यांची मांडणी. गोऱ्हा खच्ची केला, की व्याख्यान सुरू: "शिंगं तेच राह्यते, पन मारकेपन उतरते. काहून? रक्तातला रस बदलते." एकदा एका बाईने पदराआडून विचारलं, "घरच्या मानसासाठी नाही का जी असा उपाव?" तिचा नवरा पुढे दोन महिने दवाखान्याकडे फिरकला नाही.

मी शाळामास्तर, आणि स्वभावाने तापट. मला ते "नमुना" म्हणत, नाडी धरून माझे ठोके मोजत. मी हसायचो. हसणं थांबलं ते आणीबाणी उठली त्यानंतरच्या हिवाळ्यात.

शंकरपटात बैलजोडी पळवताना माझा थोरला भाऊ, दादा, कपाळावर आपटला. टेंगूळ आठवड्यात बसलं, पण पुढच्या महिन्याभरात माणूस बदलत गेला. ज्याने बैलावर कधी काठी उगारली नाही, त्याने भाजीत मीठ कमी पडलं म्हणून वहिनीचा हात मोडला. गावाने बाहेरची बाधा ठरवून टाकली. सकाळी मांत्रिकाकडे न्यायचं म्हणून आम्ही चौघांनी दादाला ओसरीच्या खांबाला बांधायला घेतलं. दोराचं एक टोक माझ्या हातात होतं.

तेवढ्यात डॉक्टर आले. दोर सोडायला लावून म्हणाले, "जरा चालून दाखवा, भाऊ." दादाने आधी एक ठेवून दिली. चष्मा अंगणात, दात हातात! मग तो दोन पावलं चालला, आणि उजव्या पायातली चप्पल मागेच राहिली. डॉक्टर तोंडातलं रक्त पुसत त्या चपलेकडे बघत राहिले.

"मेंदूत गाठ झालेली शेळी अशीच टकरा मारते, अन् पाय बी असाच ओढते. यायच्या डोक्यात रक्त साचून राहिलं आहे. मांत्रिकाकडं नेलं त मेलेच समजा."

मिळेल त्या एस.टी.ने आम्ही नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी कवटीला भोक पाडून रक्ताची गुठळी काढली. पंधरा दिवसांनी दादा परत आला, अगदी पूर्वीचा दादा. पण त्याला सगळं आठवत होतं. तो खोलीतून बाहेर येईना, वहिनीच्या हातचं जेवेना. ऑपरेशनमधून वाचलेला भाऊ आता लाजेने मरणार, अशी मला भीती वाटू लागली.

पुन्हा आमच्या ढोरडॉक्टरांनाच बोलावलं. दादाने त्यांचे पाय धरले.

"मी तुमाले मारलं जी."

"तुमी कुठी मारलं? गुठळीनं मारलं. अन् गुठळी त नागपूरलेच राह्यली."

सगळे हसले. कित्येक दिवसांनी दादाही हसला. वहिनी दारात उभी होती, हात अजून झोळीत. ती हसली नाही.

"मंग मले बी गुठळीनंच मारलं का, डाक्टर?"

डॉक्टरांनी तिच्या झोळीतल्या हाताकडे पाहिलं. म्हणाले, "हो बाई, गुठळीनंच. पन हात त तुमचा मोडला. माफी मागाले गुठळी नाही येनार. ते यायलेच मागा लागन."

दादाने मागितली, सगळ्यांदेखत. वहिनीने आत जाऊन दादाचं ताट वाढलं.

मग मी दादासमोर जाऊन बसलो. दोर मी धरला होता, आणि माझ्या डोक्यात तर कसलीच गुठळी नव्हती.