घड्याळजींचा काळा-पिवळा पडदा

गल्लीतले सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, पण हाताची सवय सुटली नव्हती. घरातली वस्तू बिघडलेली असो वा नसो, उघडून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. आणि जोडून झाल्यावर टेबलावर जुना सुटा भाग उरलेला त्यांना मुळीच खपायचा नाही.

बायको शाळेत शिकवायची. तिची नजर अधू झाली, तेव्हा तिच्या बहिणीच्या मेल घड्याळजी वाचून दाखवू लागले. मेहुणी त्यांच्यावर भरपूर तोंडसुख घ्यायची. तेवढा भाग हे खुशाल गाळायचे, आणि बायकोला ते बरोबर कळायचं. “माझ्या बहिणीचं मला वाचायचंय, तुमच्या तोंडून नको,” असं म्हणून एकदा ती चक्क रडली.

मग भाचीने जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही यंत्रणा टाकून दिली. “मामा, यात सगळं आपल्याला हवं तसं करता येतं,” असं सांगून, अडीअडचणीला ती पुन्हा टाकता यावी म्हणून एक पेनड्राइव्ह ठेवून ती आपल्या गावी गेली. घड्याळजींना रान मोकळंच मिळालं. पडद्यावरची खालची बटणांची पट्टी त्यांनी वर नेली, मग डावीकडे, मग पुन्हा खाली. एकदा तर पट्टीच गायब केली आणि ती सापडेपर्यंत जेवले नाहीत. पण अखेर जमलं. काळा पडदा, त्यावर पिवळी ठसठशीत अक्षरं, माऊसचा बाण अंगठ्याएवढा. बायको मेल स्वतः वाचू लागली, वाचताना एकटीच हसू लागली. ते पाहायला घड्याळजी मुद्दाम दारात येऊन उभे राहायचे.

अपडेट करत जा, असं भाचीने बजावलं होतं. एकदा अपडेट झाल्यावर पडदा जरासा लुकलुकला, पण आला. तिथल्याच खिडकीत त्यांना दिसलं, की नवं कर्नल, म्हणजे सगळी यंत्रणा चालवणारा गाभा, बसलं तरी जुनं तिथेच पडून आहे. एका घड्याळात दोन स्प्रिंगा कशाला? त्यांनी जुनं काढून टाकलं आणि समाधानाने हात झटकले.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केला, तर पडदा काळाठिक्कर. पिवळं अक्षर औषधालाही नाही. बायकोने विचारायच्या आत त्यांनी भाचीला फोन लावला.

“जुनं कर्नल निवडून सुरू करा, मामा.”

“ते काढलं.”

“का?”

“उरलं होतं.”

“अहो मामा, नवं चाललं नाही तर हाताशी असावं म्हणून ते ठेवलेलं असतं. आता पेनड्राइव्ह लावा, त्यावर जुनंच आहे, तेच सगळं पुन्हा टाकू. फायली राहतील, तुमची सजावट मात्र जाईल.”

फोनवर विचारत विचारत त्यांनी सगळं पुन्हा टाकलं. पांढराफटक पडदा आला, अक्षरं मुंग्यांएवढी. बायको शेजारी खुर्ची ओढून बसली. घड्याळजींनी पडदा काळा केला, अक्षरं पिवळी केली, आकार पूर्वीएवढा लावला.

“बघ, होतं तसं झालं.”

ती पुढे वाकून पाहत राहिली. “अजून मोठी करा.”

“एवढीच तर होती.”

“होती. पण गेले काही महिने मला ती दिसतच नव्हती.”

“मग हसायचीस ती?”

“तुम्ही दारात उभे असायचात ना.” ती म्हणाली. “एवढं खपून केलं होतं तुम्ही. कुठल्या तोंडाने सांगणार?”

घड्याळजींना वाईट वाटलं, आणि तिचा रागही आला. तरी ते अक्षरं वाढवत गेले. एका ओळीत जेमतेम तीन शब्द मावू लागले, तेव्हा ती म्हणाली, “आता दिसतं.”

तिने बहिणीची न वाचलेली सगळ्यात जुनी मेल उघडली आणि मोठ्याने वाचायला घेतली. मेहुणीने घड्याळजींवर लिहिलेला भाग आला, तेव्हा ते उठू लागले. तिने त्यांचा हात धरून बसवलं आणि तो भाग शब्दन् शब्द वाचला.